शेवंतीची झूल

माझ्या नातवाला मी एकदा सांगितलं, की मी आयुष्यात पहिल्यांदा ज्या गिऱ्हाइकाची मापं घेतली ते चार पायांचं होतं, तर त्याला वाटलं आजी चेष्टा करतेय. बोईसरला दुकान टाकल्यापासून किती पोलकी, किती परकर, किती शाळेचे गणवेश माझ्या हाताखालून गेले, ते मलाही सांगता यायचं नाही. नवऱ्यामुलींची अंगं, बाळंतिणींची अंगं, उतारवयातली सुटलेली अंगं, सगळी मी मापात बसवली. पण समोरचं अंग श्वास घेतं, फुगतं, खाली बसतं, आणि ते ध्यानात ठेवून टेप धरायची असते, हे मला कुठल्या शिवणक्लासात कळलेलं नाही. ते शेवंतीनं शिकवलं. शेवंती आमची घोडी. अंगानं पांढरी, नाकपुड्यांपाशी गुलाबी, आणि स्वभावानं माझ्या आत्यासारखी, म्हणजे खायला घातलं की प्रेमळ. तिच्यावर मला लिहायचं होतंच. बाबांवर लिहायचं नव्हतं, पण एकाला सोडून दुसऱ्याविषयी लिहिता येत नाही, असं आता बसल्यावर कळतंय.

आमचं घर चिंचणीच्या अलीकडे, वाडीत. पुढे चिकूची झाडं, मागे नारळ, मधे पापडीचे वेल आणि फुलांच्या चार सऱ्या. घोडीचा गोठा स्वयंपाकघराला लागून होता, मधे फक्त कुडाची भिंत. त्यामुळे शेवंतीचं चणे चावणं आम्हाला जेवताना ऐकू यायचं आणि आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज आला की शेवंती पलीकडून फुरफुरायची. आई तिला म्हणायची, "थांब गो, तुझ्या नवऱ्याला आधी वाढते." बाबा हसायचे. थंडीच्या दिवसांत आई अंगणात उकडहंडी लावायची, मडक्यात पापडी, कोनफळ, रताळी, वांगी भरून, वर पाला दाबून, मडकं उपडं घालून भोवती जाळ. तो वास आणि घोड्याच्या लिदीचा वास एकमेकांत मिसळलेला, आणि वारा फिरला की त्यात कुंभवलीच्या बाजूचा कारखान्यांचा वास. कुणाला हे ऐकून नाक मुरडावंसं वाटेल. मला आजही कुठे पालापाचोळा जळताना दिसला की आधी भूक लागते.

बाबा पूर्वी बोईसर स्टेशनपासून टांगा चालवायचे. मग टमटम आल्या, माणसांना घाई आली, आणि आमचा टांगा चिकूखाली टेकवून ठेवला तो कायमचा. त्याच्या बैठकीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. पण बाबा हातपाय गाळून बसणाऱ्यांतले नव्हते. आमच्या गावांत नवरदेव फुलं लावलेल्या मोटारीतून नाहीतर चालत जायचा, पण सरावलीच्या चाळींमधून कारखान्यांत कामाला आलेली जी उत्तरेकडची कुटुंबं होती, त्यांचं घोडीवाचून लग्नच लागत नसे. बाबांनी हे हेरलं. शेवंतीला सजवून ते वरातीला नेऊ लागले. त्यात एकच अडचण होती. गाभण घोडीवर नवरा बसवत नाहीत. आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे तर मुळीच नाही. लग्नघरातल्या म्हाताऱ्या बायका घोडी दारात आली की आधी तिच्या पोटाकडे बघायच्या, मग तोंडाकडे. पोट जरा सुटलेलं वाटलं तरी परत पाठवायच्या. म्हणून शेवंती गाभण राहिली की बाबांचा तो धंदा बंद. निदान मला तरी तसंच माहीत होतं.

तिचं आधीचं शिंगरू गेलं होतं. दिवस भरत आले होते आणि एका सकाळी मी उठून गोठ्यात गेले तर सगळं संपलेलं. बाबा उंबऱ्यावर बसले होते. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाले, "थंडी लागली बाय. वारा भरला तिच्या पोटात." मी शाळेत गेले नाही. आईनं मला घट्ट धरून ठेवलं होतं एवढं आठवतं. त्या दिवसापासून थंडी ही माझी वैरीण झाली. आमच्या बाजूची थंडी ती काय, घाटावरची माणसं हसतील. पण पहाटे खाडीवरून जो वारा येतो तो ओला असतो, आणि गोठ्याच्या कुडातून सरळ आत शिरतो. मी त्या कुडाला शेण लिंपलं, गोणपाट लावलं, भोकं बुजवली. मी तेव्हा वयात येऊ घातलेली, आईच्या मशीनवर नुकती हात बसवत होते, आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली की शिरली. ती खोड अजून आहे, सुना सांगतील.

मग शेवंतीला पुन्हा मनोरच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाच्या घोड्याकडे नेऊन आणलं, आणि पावसाळा सरता सरता तिचं पोट दिसायला लागलं. बाबांनी मला गोठ्यात बोलावून माझा हात तिच्या बरगड्यांखाली ठेवला. आतून काहीतरी हललं. बाबा म्हणाले, "हे शिंगरू तुझं. नाव तू ठेवायचं, चारापाणी तू बघायचं. आता शेवंतीला सुट्टी. मोकळी होईपर्यंत एक पण वरात नाय." मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. मग मीच म्हटलं, की तिच्यासाठी झूल शिवूया, या वेळी थंडी लागू द्यायची नाही. बाबांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "शिव की. शिवायचीच तर देखणी शिव."

झूल म्हटली की लोकांना पोळ्याच्या बैलावरची नक्षीची झूल आठवते. ती दिवसभराची हौस. हिवाळाभर रोज अंगावर राहणारी झूल वेगळी, ती चुकली की ऊब राहते बाजूला आणि जनावराचं अंग सोलवटतं. मी आधी घरातली घोंगडी टाकून बघितली. तिच्या टोचण्यानं शेवंतीची कातडी माशी बसल्यासारखी थरथरायची, आणि पहाटेच्या दवानं घोंगडी भिजली की जड होऊन एका बाजूला लोंबायची. मग चादर, ती घसरली. मग बोईसरच्या बाजारातून आणलेलं तपकिरी ब्लँकेट, त्याला औषधाचा वास यायचा, शेवंतीनं ते दातांनी ओढून पायाखाली तुडवलं. शेवटी मी तीन थर ठरवले. अंगाला लागायला आईच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या. मधे तेच ब्लँकेट, पण सोड्याच्या पाण्यात चारदा उकळून. आणि वरून काय, तर ते बाबा घेऊन आले. पडद्यांचं जाड, गडद लाल कापड, आणि सोनेरी काठ. मी म्हटलं, "गोठ्यात कोण बघणार आहे हिला?" तर बाबा म्हणाले, "का? पोटुशी बाई नटत नाय का?" आई तेव्हा तांदूळ निवडत होती. ती हसली नाही, हे मला आज आठवतं. तेव्हा दिसलं नव्हतं.

मापं घेताना गल्ली जमायची. "घोडीला सोटर शिवते रे ही!" म्हणून पोरं ओरडायची. मी काही लक्ष दिलं नाही. छातीपासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, मग खांद्यावर जो उंचवटा असतो तिथे खोलगट कापणी, कारण झुलीचा सगळा भार तिथे येतो आणि तिथलेच केस आधी जातात. तिथे आतून मी मखमलीची पट्टी लावली. पुढे छातीवर दोन बकलं, एक पूर्ण हात जाईल इतकी सैल. खरी पंचाईत पोटाखालच्या पट्ट्याची होती. घट्ट बांधावा तर पोटावर दाब, सैल सोडावा तर झूल फिरणार. आणि पोट तर रोज वाढणार. मी विचार करकरून सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आणल्या आणि दोन पट्टे तिरके, एकमेकांना ओलांडणारे लावले. ते ताणायचे, पोटाबरोबर वाढायचे, दाबायचे नाहीत. हे मी कुठे पाहिलेलं नव्हतं. आजही मी गरोदर बायकांच्या परकराला नाडी न घालता असंच काहीतरी करून देते आणि त्या खूश होऊन जातात. बाबांनी सगळं फिरून फिरून पाहिलं आणि एकच दुरुस्ती सांगितली. "खालून अजून लांब कर. गुडघ्यापर्यंत येऊ दे. वारा खालूनच लागतो." मला वाटलं, किती बारीक विचार करतात माझे बाबा. मी खाली हातभर कापड आणखी जोडलं आणि त्याला सोनेरी काठ लावला.

झूल तयार झाली त्या दिवशी आईनं शेवंतीची ओटी भरली. हे आमच्या घरातच होतं, दुसरीकडे कुणी करत असेल असं वाटत नाही. आईच्या आजेसासूपासून चालत आलेलं. घोडीला हळदकुंकू, समोर सुपात तांदूळ, नारळ, गूळ, आणि गळ्यात फुलांची माळ. शेवंतीनं माळ खाल्ली आणि सुपात तोंड घातलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सून गुणाची हाय, लाजत नाय." सगळ्या हसल्या. आईनं तिच्या कपाळाला कुंकू लावताना हात जोडले, आणि बराच वेळ जोडूनच ठेवले.

त्यानंतर बाबा रोज संध्याकाळी शेवंतीला फिरवायला नेऊ लागले. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलंय म्हणाले, पोटुशा घोडीला बांधून ठेवायची नाही, पाय मोकळे झाले पाहिजेत. खरंच आहे ते. मी स्वतः झूल घालून, पट्टे लावून, मानेवर थोपटून तिला त्यांच्या हातात द्यायची. "कुठपर्यंत जाता?" "किनाऱ्यानं पार तिकडे. मग देवळापाशी जरा बसतो." मी झोपल्यावर ते परत यायचे. सकाळी मी झूल काढायची तेव्हा तिची पाठ ओली असायची. मला वाटलं, माझ्या तीन थरांमुळे तिला घाम येतोय. घामावर वारा लागला तर आणखी वाईट. मी मधलं ब्लँकेट उसवून काढलं आणि त्याऐवजी पातळ गोधडी घातली. तरी पाठ ओलीच. मग पुढच्या पायाच्या मागे, जिथे खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, येतो नेमकं तिथे, तिचे केस घासले जायला लागले, खाली गुलाबी कातडी दिसायला लागली. मी ट्यूबच्या पट्ट्यांना दोष दिला. त्यांना कापडाची खोळ घातली, मग मखमल लावली, मग जागाच बदलली. तरी घासलेलंच. बाबांना दाखवलं तर त्यांनी वाकून बघितलं, बोट फिरवलं, आणि म्हणाले, "पट्टा जरा मागे घेऊन बघ." मी पट्टा मागे घेतला. एकदा काठाच्या दुमडीत सोनेरी कागदाचा तुकडा सापडला. बाबा म्हणाले, "तुझ्याच चिंध्यांतला असेल." मी किती वेळा ती झूल उसवली आणि शिवली. बोटांना सुया टोचून टोचून मला भाकरी मोडवत नव्हती. आई म्हणायची, "पुरे गो आता, असू दे." मी म्हणायची, "माझंच काहीतरी चुकतंय."

एवढं लिहून मी उठून चहा करून आले. हा वरचा परिच्छेद मला सगळ्यांत जड गेला, पुढचा नाही. माणूस खोटं बोलतं, पोटासाठी बोलतं, ते मला समजतं. मीसुद्धा गिऱ्हाइकाला उद्या देते म्हणून परवा दिलंय. पण समोर बसून एखाद्याला त्याची नसलेली चूक शोधू द्यायची, वर त्याला दुरुस्ती सुचवायची, हे मला अजून समजलेलं नाही.

सरावलीच्या एका बाईंची पोलकी मी शिवली होती. त्यांच्या घरात पाहुण्यांचं काही होतं, म्हणून ती पोचवायला मी दुपार कलल्यावर निघाले. पोलकी दिली, त्यांनी चिवडा खायला घातला, आणि बाहेर बँड वाजायला लागला. "बारात आई, बारात आई," म्हणत पोरं पळाली. मीही दारात गेले. पुढे दिवट्या नव्हत्या, अजून उजेड होता. नाचणारी माणसं, हवेत उडवलेला सोनेरी कागद, फटाक्यांची माळ, आणि मागे शेवंती. तिच्या पाठीवर माझी झूल, झुलीवर आमचं खोगीर, जे दुरुस्तीला दिलंय असं बाबांनी सांगितलं होतं, आणि खोगिरावर चांगला जाडजूड नवरा, त्याच्या पुढ्यात एक लहान मुलगा. लगाम बाबांच्या हातात. डोक्याला गुलाबी फेटा. झूल तिच्या गुडघ्यापर्यंत आलेली, दोन्ही बाजूंनी पसरलेली, आणि तिच्या आत पोट आहे की हवा आहे, कुणाच्या बापालाही कळलं नसतं. मी ती इतकी छान शिवली होती.

मला आधी काहीच वाटलं नाही. शप्पथ. मला वाटलं, आपली घोडी इथे कशी? मग फटाक्यांची माळ फुटली आणि शेवंतीनं मान वर झटकली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, आणि बाबांनी लगाम खाली ओढला. तेव्हा कळलं. मी गर्दीतून घुसले. "बाबा!" त्यांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला, पण एक क्षणभरच. मग ते हसले. "बाय, तू हितं कशी?" मी म्हटलं, "बाबा, शिंगरू हाय तिच्या पोटात. तुमी म्हणालात सुट्टी हाय." ते वाकून, हसू तसंच ठेवून म्हणाले, "हळू चालवतो हाय ना. काय होत नाय. गप घरी जा."

तेवढ्यात नवऱ्याकडची एक म्हातारी, नाकात मोठी नथनी असलेली, माझा हात धरून म्हणाली, "ये बच्ची कौन है?" मला तोंड उघडायचं होतं. हिच्याच डोळ्यांपासून ते पोट झाकलं होतं. पण बाबांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मोठ्यानं म्हणाले, "मेरी बेटी है माताजी. ये झूल इसी ने सिली है. पूरी अपने हाथ से." म्हातारीनं झुलीच्या काठावर बोटं फिरवली. "अरे वाह! कितना सुंदर काम है. भगवान भला करे तेरा बिटिया." आणखी दोघी तिघी पुढे आल्या, काठ उचलून टाके पाहू लागल्या, माझी हनुवटी धरू लागल्या. बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो कौतुकाचा होता, खोटा नव्हता. त्यांना माझा खरोखर अभिमान वाटत होता. म्हातारीला सांगायचं ते राहूनच गेलं. 

मी घरी गेले नाही. वरात पुढे निघाली तशी मीही शेवंतीला खेटून चालायला लागले आणि झुलीखालून हात घालून तिच्या पोटावर ठेवला. बघणाऱ्याला वाटलं असेल, पोरगी आपली झूल सारखी करतेय. आत तंग करकचून ओढलेला होता, माझ्या ट्यूबच्या पट्ट्यांवरून आडवा. ते पट्टे त्याच्याखाली चिरडून गेले होते. तिची कातडी गरम आणि ओली होती. शिंगरू हलत होतं. प्रत्येक बाराला ते आत आखडायचं, मग हळूहळू सैल व्हायचं. बँडवाला माझ्या कानाशी वाजवत होता. मांडवाच्या दारापर्यंत मी तशीच गेले, आणि नवरा उतरल्यावर पहिला तंग मी सोडला.

मग आम्ही घरी निघालो. मी पुढे, ते मागे, मधे शेवंती. घरात शिरले तर आई चुलीपाशी होती. माझं तोंड बघून तिनं काही विचारलं नाही. मी तिथेच ओळखलं. ज्याला माहीत नसतं ते माणूस विचारतं. मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं." ती तव्यावरची भाकरी उलटत राहिली. "आई, मागचं शिंगरू पण असंच गेलं?" तिनं भाकरी फुगेपर्यंत वाट पाहिली, काढून टोपलीत ठेवली, पदराला हात पुसले. मग म्हणाली, "थंडी पण होतीच गो." मी आईला पुष्कळ गोष्टींत माफ केलं आहे आणि तिनं मला. पण ते वाक्य आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण होतीच! दोन वर्षं मी कुडाची भोकं बुजवत होते. त्या "पण"मध्ये माझी दोन वर्षं गेली.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. बाबांनी आणखी लग्नं घेतली असणार हे उघड होतं, सगळा हंगाम पुढे होता. मी त्यांना अडवू शकत नव्हते. गावात बोंब मारली असती तर लोक बाबांच्याच बाजूनं बोलले असते, पोटाचा प्रश्न आहे म्हणाले असते. पण झूल माझी होती. सकाळी बाबा वाडीत पाणी सोडायला गेले तशी मी झूल अंगणात पसरली आणि आईची मोठी कात्री घेऊन ती दोन्ही बाजूंनी कापली. पाठ झाकेल, खांदे झाकतील, छाती झाकेल, एवढी ठेवली. पोटावरचं सगळं काढून टाकलं, सोनेरी काठासकट. घाईत कात्री वाकडीतिकडी गेली. मग ती शेवंतीच्या अंगावर घालून तिला मी गोठ्यात नाही, पुढच्या अंगणात, रस्त्यावरून दिसेल अशी बांधली. तिचं पोट दोन्ही बाजूंनी ढोलासारखं बाहेर आलेलं. जाणारा येणारा म्हणू लागला, "अरे, घोडी गाभण हाय वाटतं. कवा देणार?" त्यांत सरावलीला दूध घालणारा भय्याही होता. त्याच्या तोंडून ते कुठे कुठे जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

बाबा आले. घोडीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं आता हात उचलतील. त्यांनी जवळ जाऊन झुलीची कापलेली कड बोटांत धरली, बाहेर लोंबणारे दोरे पाहिले, आणि म्हणाले, "दुमड तरी घालायची नीट." एवढंच. आणि अंघोळीला गेले. त्यानंतर शेवंती वरातीला गेली नाही. संध्याकाळी बाबा तिला फिरवायला न्यायचे ते खरंच किनाऱ्यावर, कारण पायाला वाळू असायची.  आम्ही एका पंगतीत जेवत होतो, ते मला सुकट वाढ म्हणायचे, मी वाढायची. मला वाटायचं, एकदा तरी म्हणतील की चुकलं. मी वाटच बघत होते. जेवताना त्यांनी घसा खाकरला तरी माझा घास थांबायचा.

हिवाळा संपत आला तेव्हा शेवंती मोकळी झाली. पहाटेच, कुणाला त्रास न देता. बदामी रंगाचं शिंगरू, नुसते पाय. मी त्याला पुसलं, उभं राहताना धरलं, आणि ते पहिल्यांदा प्यायला लागलं तेव्हा मी इतकी रडले की आईनं मला बाहेर बसवलं. सगळी आळी बघायला आली. बाबा पेढे वाटत होते, सांगत होते, "हिवाळाभर जपली बघा घोडीला. आमच्या बायनं झूल शिवली, मी रोज फिरवली." मग माझ्या जवळ आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बघ. झालं काय? उगाच रडलीस तेव्हा."  शिंगरू जगलं होतं. आणि ते जगलं म्हणून आता काहीच घडलेलं नव्हतं. कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणाचं काही चुकलं नव्हतं, आणि मीच तेवढी उगाच रडले होते. मला शिंगराचा आनंद होता, अजून आहे. पण त्या आनंदावर बाबांनी हात ठेवला आणि आपला करून टाकला. त्याचं नाव मी ठेवलं नाही. बाबांनीच काहीतरी ठेवलं.

तुळशीची लग्नं झाली आणि पुन्हा हंगाम आला. शिंगरू एव्हाना शेवंतीच्या मागे दुडक्या चालीनं पळायचं, लोक थांबून बघायचे. एका दुपारी मी मशीनवर बसले होते, शेजारच्या काकूंचं पोलकं घेऊन, त्याच्या बाह्या जोडायच्या होत्या. आई पलीकडे शेंगा सोलत होती. बाबा आले, अगदी खुशीत, काखेत पुडकं. त्यांनी ते माझ्यासमोर उलगडलं. लाल साटीन, आणि सोनेरी काठ, रुंदीला लहान. म्हणाले, "बाय, शिंगराची पण एक झूल शिव. शेवंतीच्या जोडीनं चालंल वरातीत. लोकांना लय आवडेल."

मी पाय थांबवला नाही. मशीन चालूच होतं, काकूंची बाही सुईखालून सरळ पुढे सरकत होती.

"मला शिवता येत नाय, बाबा," मी म्हटलं.

ते हसले. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. मग त्यांनी मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वळून आईकडे. आईनं मान वर केली नाही. बाबांनी ते साटीन पुन्हा घडीवर घडी घालून पुडक्यात बांधलं, आणि पुडकं हातात धरून ते किती तरी वेळ तिथेच उभे राहिले. मी दुसरी बाही जोडायला घेतली.